शिकाऱ्याचें अंतरमापक : तें कसें पारखावें

प्रारंभींच एक खुलासा केला पाहिजे. आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीस बंदी आहे, आणि ती योग्यच आहे असें आमचें मत आहे. तेव्हां हा लेख वाचून आपला मुलगा बंदूक मागूं लागेल, अशी भीति पालकांनीं बाळगूं नये. परंतु स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखांत तांबड्या हरणांची शिकार आजही कायद्याच्या मर्यादेंत चालते. तेथील लांडगे कित्येक पिढ्यांपूर्वीं नामशेष झाले. हरणांवर वचक ठेवणारें श्वापद उरलें नाहीं, आणि कळप वाढले म्हणजे ते कोवळीं झाडें फस्त करितात. म्हणून दरवर्षीं कांहीं हरणें माणसास मारावीं लागतात. हें काम करावयाचेंच तर जनावरास कमींत कमी यातना देऊन करावें, असा चांगल्या शिकाऱ्यांचा दंडक आहे; आणि येथेंच अंतराचा प्रश्न उभा राहतो.

बंदुकीची गोळी अगदीं सरळ रेषेंत जाते असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः नळींतून सुटतांच ती झाडावरून पडणाऱ्या आंब्याप्रमाणेंच खालीं पडूं लागते. ३०० मीटर जाण्यास तिला सुमारें ०.४ सेकंद लागले, तर तेवढ्यांत ती नळीच्या रेषेपासून ७८ सेंटीमीटर खालीं येते. ४०० मीटरांस ०.५७ सेकंद धरिले, तर १५९ सेंटीमीटर. (वरच्या वर्गांतील मुलांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा.) हरणाचें काळीज व फुप्फुसें ज्या जागेंत असतात ती वीत-दीड वीत रुंदीची. अंतराचा अदमास शंभर मीटरांनीं चुकला, कीं गोळी तेथें न लागतां पायास किंवा पोटास लागते, आणि तें मुकें जनावर धुक्यांत नाहींसें होऊन कोठेंतरी तडफडत राहतें. दरीपलीकडील उघड्या उतारावर नुसत्या नजरेनें एवढी चूक होणें मुळींच कठीण नाहीं.

लेसर अंतरमापक ह्या कामीं उपयोगीं पडतें. पहिला लेसर १९६० सालीं अमेरिकेंत थिओडोर मेमन ह्यांनीं सिद्ध केला. हातांत मावणाऱ्या यंत्रांत तो डोळ्यांस न दिसणारा, बहुधा ९०५ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. बटण दाबतांच प्रकाशाचे क्षणिक झोत सुटतात, समोरच्या वस्तूवर आपटून परततात, आणि यंत्र जाण्यायेण्याचा वेळ मोजतें. प्रकाश सेकंदास सुमारें तीन लक्ष किलोमीटर धांवतो. म्हणून ३०० मीटरांवर जाऊन परत येण्यास त्याला सेकंदाचे अवघे दोन दशलक्षांश भाग पुरतात.

आतां निवड. खोक्यावर छापलेल्या मोठ्या आंकड्यास भुलूं नये. तो बहुधा चकचकीत फलकावर, स्वच्छ हवेंत मिळालेला असतो. हरणाचें तपकिरी, ओलें, केसाळ अंग फार थोडा प्रकाश परत पाठवितें, आणि तेथें त्या आंकड्याचा निमा भागही पदरांत पडेलच असें नाहीं. प्रामाणिक कारखानदार हरणासाठींचा आंकडा वेगळा देतात. गिऱ्हाइकानें तोच वाचावा.

परंतु आंखूड पल्ला हा यंत्राचा मोठा दोष नव्हे. खोटें उत्तर ठासून देणें, हा मोठा दोष होय. लेसरचा झोत दोऱ्यासारखा बारीक राहत नाहीं. तो दीड मिलिरेडियन पसरत असेल, तर ४०० मीटरांवर ६० सेंटीमीटर रुंद होतो. त्याचा कांहीं भाग हरणावर पडतो, कांहीं अलीकडच्या गवतावर, कांहीं पलीकडच्या खडकावर. धुक्यांत तर पाण्याचे सूक्ष्म कणच प्रकाश परतवितात, आणि हरीण ३०० मीटरांवर असतां यंत्र ४० मीटर सांगून मोकळें होतें. चाळीस हें निदान हास्यास्पद तरी आहे. गवतावरून आलेले २३० मात्र शिकारी खरे मानील. म्हणून चांगल्या यंत्रांत सर्वांत जवळचा प्रतिसाद घ्यावा कीं सर्वांत दूरचा, हें ठरविण्याची सोय असते. पाऊस, धुकें व झुडपें ह्यांत दूरचा घ्यावा, आणि त्यामागील डोंगराचें अंतर निराळें मोजून ताडून पाहावें. प्रतिसाद दुबळा असतां जें यंत्र आंकड्याऐवजीं नुसत्या रेघा दाखवितें, त्यास आम्ही अधिक विश्वासू समजतों. रेघा पाहून शिकारी बंदूक खालीं ठेवितो.

ही पारख दुकानाच्या काउंटरवर होत नाहीं. फितीनें मोजलेल्या अंतरावर एखादें जुनें घोंगडें टांगावें, आणि पावसांत व तिन्हीसांजेस तेंच अंतर दहा वेळां मोजावें. उत्तरें मीटरभरांत जुळलीं तर ठीक. न जुळल्यास यंत्र परत करावें.

बाकीच्या गोष्टी थोडक्यांत सांगतों. चढउतारावर गोळीचें पडणें मुख्यतः आडव्या अंतरावर अवलंबून असतें : ३० अंशांच्या उतारावर ४०० मीटर मोजले, तर आडवें अंतर ३४६ च भरतें, हा हिशेब यंत्रानेंच करावा. काळे आंकडे संध्याकाळीं काळ्या डोंगरावर दिसत नाहींत. लाल प्रकाशाचे, तेज कमीअधिक करतां येणारे आंकडे बरे. कडाक्याच्या थंडींत साधी बॅटरी मंदावते, लिथियमची अधिक टिकते. तरीही एक जादा बॅटरी आंतल्या खिशांत असावी. ‘आयपीएक्स ७’ ही खूण म्हणजे एक मीटर पाण्यांत अर्धा तास बुडूनही यंत्र सुरक्षित राहतें. ‘आयपीएक्स ४’ म्हणजे केवळ शिंतोड्यांपुरतें संरक्षण. बटण जाड हातमोज्यांतून दाबतां आलें पाहिजे, हें सांगावयास नको असें वाटतें, परंतु पुष्कळ यंत्रांत तें दाबतां येत नाहीं.

आपल्याकडे हेंच यंत्र निराळ्या हातीं दिसतें. व्याघ्रप्रकल्पांत वाघाच्या भक्ष्याची मोजदाद करितांना वनकर्मचारी आंखलेल्या सरळ वाटेनें पहाटे चालतात, आणि चितळ किंवा सांबर दिसतांच त्याचें अंतर व दिशा टिपून घेतात. त्यांवरून त्या रानांत किती हरणें असावींत ह्याचें गणित मांडितात. तेथें यंत्रानें चितळाऐवजीं मधल्या बांबूचें अंतर सांगितलें, तर पाहणीचा पट्टा अरुंद भासतो, आणि हरणें आहेत त्यांहून अधिक भरतात. वाघ उपाशी असतां कागदावर मात्र रान भरलेलें दिसतें.