कॉलमचं ॲनोटेशन नेमकं कशासाठी?

जावात नव्याने डेटाबेसचं काम करणाऱ्यांचा कोड उघडला, की बऱ्याचदा एन्टिटी क्लासमधल्या झाडून सगळ्या फील्डवर कॉलम ॲनोटेशन दिसतं. ते नसेल तर फील्ड टेबलात साठवलंच जात नाही, अशी समजूत त्यामागे असते. जेपीएचा नियम नेमका उलटा आहे. क्लास एन्टिटी ठरला, की त्याची साधी फील्ड आपोआप साठवली जातात. एखादं वगळायचं असेल, तर त्यावर ट्रान्झियंट लावावं लागतं.

याहून महागात पडणारा गैरसमज लांबीचा. लेंग्थ 10 लिहिलं, म्हणजे मोबाइल नंबरात अकरावा अंक शिरणारच नाही, असं धरून अनेक जण निर्धास्त होतात. पण लेंग्थ आणि युनिक या दोन्ही सूचना टेबल तयार करताना वापरायच्या आहेत. टेबल हायबरनेटने बनवलं, तर त्या डेटाबेसपर्यंत पोहोचतात. तेच टेबल डीबीएने आधी बनवलेलं असेल आणि कॉलम 255 अक्षरांचा असेल, तर शंभर अक्षरंही विनातक्रार आत जातात. नलेबलच्या बाबतीत मात्र हायबरनेट सहसा सेव्ह करतानाच नल व्हॅल्यू अडवतं आणि त्यामुळेच इतर दोन सूचनांवरही भरवसा बसतो. लांबी तपासायची असेल, तर बीन व्हॅलिडेशनचं साइझ ॲनोटेशन लावा. दुहेरी नोंद रोखायची असेल, तर कन्स्ट्रेंट डेटाबेसमध्येच हवं.

एनमच्या बाबतीत तर डेटाच बिघडतो. समजा, ऑर्डरची स्थिती ‘नवी, पाठवली, पोहोचली’ अशा क्रमाने लिहिली आहे. वेगळं काही सांगितलं नाही, तर टेबलात 0, 1, 2 हे आकडे जातात. पुढे कुणीतरी ‘नवी’च्या खाली ‘रद्द’ घालतं. कोड कंपाइल होतो, जुन्या नोंदीही वाचता येतात. फक्त काल 1 म्हणजे ‘पाठवली’ होतं, ते आज ‘रद्द’ झालेलं असतं. वाटेत असलेली प्रत्येक ऑर्डर आता ॲपच्या लेखी रद्द! एन्युमरेटेड ॲनोटेशनमध्ये स्ट्रिंग लिहिलं, की आकड्याऐवजी नाव साठवलं जातं आणि क्रम बदलला तरी काही बिघडत नाही. माझ्या मते हा मूळ डीफॉल्टच चुकीचा आहे. नव्या प्रोजेक्टमध्ये तो कधीच वापरू नये.

ॲनोटेशनमध्ये लिहिलेलं नाव जसंच्या तसं वापरलं जातं, हेही नेहमी खरं नसतं. स्प्रिंग बूटची मूळ सेटिंग तशीच असेल, तर ‘मोबाइल’ आणि ‘नंबर’ हे इंग्रजी शब्द जोडून, मधलं एन कॅपिटल ठेवून लिहिलेल्या नावात अंडरस्कोर घातला जातो आणि सगळी अक्षरं लहान होतात. कॉलम सापडत नसेल, तर आधी हे तपासा.

फील्डचं नाव बदललं, की टेबलातलंही बदलेल, अशीही अनेकांची अपेक्षा असते. स्कीमाची सेटिंग अपडेट असेल, तर हायबरनेट नव्या नावाचा रिकामा कॉलम जोडतं; जुना कॉलम डेटासकट तसाच पडून राहतो. कॉलम ॲनोटेशन खरं उपयोगी पडतं ते इथे. त्यात कॉलमचं जुनं नाव लिहा, म्हणजे टेबलाला हात न लावता फील्डचं नाव बदलता येतं. आणि प्रॉडक्शनवर अपडेट ठेवू नका. तिथे व्हॅलिडेट ठेवा आणि टेबलातले बदल फ्लायवे किंवा लिक्विबेसच्या स्क्रिप्टनेच करा.