पॉइंट टू-टूचे तेलपाणी

खंडेनवमीला आपण शस्त्रे पुजतो. ज्यांच्या घरी तलवार नाही ते विळी, अडकित्ता, शिवणयंत्र, झालेच तर दारातली मोटारसायकल पुजतात. शहरातल्या काही घरांत या पंगतीला आता एक पाहुणी येऊन बसली आहे : पॉइंट टू-टूची नेमबाजीची रायफल. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले. दोघांच्याही हाती होती ती हीच टू-टू. तेव्हा आपल्या मुलीनेही हा खेळ खेळावा असे एखाद्या आईबापांना वाटले, तर नवल नाही.

परवाना मिळतो, पैशांची जुळवाजुळव होते, रायफल येते. मग घरातला उत्साह उफाळून येतो. तांब्यापितळेची भांडी घासून लखलखीत करणारे आपण लोक. बंदूक तरी कशी सोडणार? आणि नेमके तिथेच चुकते. नेमबाजांत एक म्हण झाल्यासारखी आहे : टू-टूच्या नळ्या झिजतात कमी, घासून बिघडवल्या जातात जास्त!

कडेवरचा घाव

हे असे का, ते कळायला काडतूस पाहावे लागेल. मोठ्या रायफलच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध टोपी असते; घोड्याची सुई तिच्यावर बसते. टू-टूच्या काडतुसाला अशी टोपीच नाही. पितळी बुडाची जी दुमडलेली कड असते, तिच्या पोकळीत स्फोटक मसाला भरलेला असतो. सुई ती कड चेपते आणि बार उडतो. म्हणून याला ‘रिमफायर’ म्हणतात. अमेरिकेत १८५७ साली आलेले ‘पॉइंट टू-टू शॉर्ट’ या जातीचे आद्य यशस्वी काडतूस; आज सर्वत्र चालणारे ‘लाँग रायफल’ १८८७ सालचे.

याची गोळी उघड्या शिशाची, वजनाने जेमतेम २.६ ग्रॅम. तिच्यावर मेणाचा किंवा चरबीचा पातळ लेप असतो. दारू थोडी, दाब कमी, शिसे मऊ. त्यामुळे नळी हजारो गोळ्या झेलते. उलट त्या मेणाचा एक पातळ थर नळीत बसतो आणि तोच पुढच्या प्रत्येक गोळीला सारखी वाट करून देतो. हा थर दर वेळी खरवडून काढला, तर पहिल्या काही गोळ्या भलतीकडे जातात. ५० मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे करंगळीच्या नखाएवढे. तिथे ‘भलतीकडे’ म्हणजे किती, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

मग आजोबा रोज का घासत?

फौजेतून निवृत्त झालेले एखादे आजोबा मात्र सांगतील, ‘बार काढला की त्याच संध्याकाळी नळी धुतलीच पाहिजे!’ त्यांच्या काळी ते खरेच होते. जुन्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळाले की मिठासारखा क्षार मागे राही, हवेतली ओल ओढून घेई आणि रातोरात नळीला गंज चढे. म्हणून गरम पाणी, चिंधी, पुल-थ्रू आणि तेल. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून न गंजवणारा मसाला बाजारात येऊ लागला. आजच्या टू-टू काडतुसांत तो जुना क्षार नसतो. शिस्त मात्र सवयीने मागे राहिली.

मात्र सफाई अजिबातच नको, असाही अर्थ कोणी काढू नये. जळकी काजळी चेंबरच्या तोंडाशी साचून कडक कडे धरते. तसे झाले की नेम हळूहळू विस्कटतो आणि रिकामे टरफल निघताना अडते. तेव्हा सफाई हवी, पण बेताने आणि रीतीने.

सफाईची रीत

पहिली गोष्ट : मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा. काडतुसे त्या खोलीतच नकोत. ‘रिकामीच आहे’ हे वाक्य या घरात कोणी उच्चारू नये.

बोल्ट काढून रायफल स्टँडवर ठेवा. नळीचे तोंड किंचित खाली असू द्या, म्हणजे द्रव ओघळून ट्रिगरमध्ये किंवा लाकडात मुरणार नाही. गज अखंड, वरून प्लॅस्टिकचे आवरण असलेला घ्यावा आणि तो नेहमी मागून पुढे घालावा. बोल्टच्या जागी बसणारी मार्गदर्शक नळी मिळते. ती लावली की गज वाकून आट्यांना घासत नाही. पुढून गज घालणे हा सर्वांत मोठा अपराध. नळीच्या तोंडाची कड म्हणजे गोळीला निरोप देणारा शेवटचा हात. तो जरा एका बाजूला झिजला की गोळी त्या बाजूला कललीच म्हणून समजा.

साफ करण्याच्या द्रवात भिजवलेली एक चिंधी पलीकडे काढा, तोंडाशी पडू द्या; तीच पुन्हा मागे ओढू नका. काही काडतुसांच्या मसाल्यात काचेची बारीक पूडही असते. ती पुढेमागे फिरवणे म्हणजे नळीला पॉलिशपेपर लावणेच. पाच-दहा मिनिटे थांबून कोरड्या चिंध्या घाला. काजळीचे कडे बसले असेल तरच ब्राँझचा ब्रश, तोही मोजक्या फेऱ्या. बोल्टचे तोंड आणि टरफल ओढणारा आकडा जुन्या टूथब्रशने साफ करावा. ट्रिगरला तेल देऊ नये. तेल धूळ धरते.

आणखी एक. रिकाम्या टू-टूचा घोडा गंमत म्हणून ओढू नये. कड चेपायला काडतूसच नसले, तर अनेक रायफलींत सुई चेंबरच्या काठावर आदळते आणि तिथे खाच पडते.

खोबरेल नको, पितांबरी नको

तेल हलके, खास बंदुकीचे घ्यावे. बाहेरच्या लोखंडाला शिवणयंत्राचे तेलही चालेल. खोबरेल मात्र नको; ते थंडीत गोठते आणि पुढे चिकट होते. चिंच, पितांबरी यांचे तर नावच नको. रायफलचा काळा रंग हाच लोखंडावरचा पातळ रक्षक थर. आंबटाने तो निघून जातो. पूजेला ओल्या हळदकुंकवाची बोटे, फुले, अक्षता खुशाल वाहाव्यात, पण आरती आटोपली की लगेच पुसून तेलाचा हात फिरवावा.

घामाच्या हाताने धरलेले लोखंड मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात बघता बघता तांबूस होते. फोमची पेटी आणि चामड्याची पिशवी प्रवासापुरती. त्या ओल धरून ठेवतात. घरी कुलूपबंद कोरड्या कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. पुढच्या सरावाआधी नळीतले तेल कोरड्या चिंधीने काढावे आणि पहिल्या काही गोळ्या गुणांसाठी मोजू नयेत.

शेवटी हात

सफाईनंतरच्या काळ्या चिंध्यांत शिसे असते. लहान मुलांच्या मेंदूला ते फार बाधते. म्हणून हे काम जेवणाच्या टेबलावर नको, स्वयंपाकघरात तर नाहीच. चिंध्या बंद पिशवीत घालाव्या, हात साबणाने धुवावे आणि सरावाचे कपडे बदलल्यावरच धाकट्या भावंडाला उचलून घ्यावे. नळी वेळप्रसंगी दुसरी बसवता येते. बाळाच्या रक्तात गेलेले शिसे मात्र कुठल्याही चिंधीने पुसता येत नाही.