कोंबड्याच्या पिसावर मासा

गळ टाकून बसणे म्हणजे काय, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. ओढ्याच्या काठी सावली पाहायची, गांडूळ नाहीतर कणकेची गोळी गळाला लावायची आणि पाण्यावर ठेवलेला भेंडाचा तुकडा बुडेपर्यंत वाट पाहायची. जपानच्या डोंगराळ मुलुखातला मासे धरणारा मात्र बसत नाही. तो ओढ्यातून वर वर चालत असतो. त्याच्या गळाला गांडूळ नसते, कणीकही नसते. गळाच्या दांडीवर गुंडाळलेला थोडा दोरा आणि कोंबड्याच्या पिसाचे एक कडे, एवढ्यावर तो दिवसभर मासे काढतो. या पद्धतीला तिकडे ‘तेंकारा’ म्हणतात. हे नाव कशावरून पडले, याबद्दल तिथल्या जाणकारांतही एकमत नाही. ते राहू द्या. पद्धत मात्र समजून घेण्यासारखी आहे.

ज्या माशांसाठी ती निघाली, ते ट्राउटच्या कुळातले. अगदी वरच्या गार पाण्यात इवाना, त्याच्या खालच्या पट्ट्यात यामामे आणि अमागो. वीत-दीड वीत लांबीचे, चपळ आणि फार सावध मासे. डोंगरातल्या गावांना शेती थोडी, हिवाळा लांब आणि बर्फाचा. म्हणून काही कुटुंबे हिवाळ्यात शिकार करीत, आणि बर्फ वितळले की मासे धरून ते गरम पाण्याच्या झऱ्यांपाशी असलेल्या उताराच्या घरांना विकीत. नागानो आणि निइगाता या प्रांतांच्या सीमेवरचे अकियामागो खोरे अशा लोकांसाठी नाव मिळवून होते. त्यांच्या लेखी हा खेळ नव्हता. मासे विकले जात तेव्हा घरात मीठमिरचीची सोय होई.

आता तुम्ही विचाराल, गांडुळाने मासा लागतोच, मग पिसाची उठाठेव कशाला? उत्तर धंद्याच्या हिशेबात आहे. आमिष आधी गोळा करावे लागते आणि एकेका माशामागे पुन्हा लावावे लागते. पिसाचा गळ मासा सोडवला की लगेच परत पाण्यात जातो. सुगीच्या दिवसांत एकेका घटकेची किंमत काय असते, ते शेतकऱ्याला ठाऊक आहे.

विसाव्या शतकात नद्यांवर धरणे झाली, तलावात पाळलेले मासे बाजारात आले आणि हा धंदा विरत गेला. काही मोजक्या लोकांनी विद्या जिवंत ठेवली. प्राध्यापक हिसाओ इशिगाकी यांनी ती शिकवली आणि २००९ मध्ये अमेरिकेतही जाऊन दाखवली. त्याच वर्षी डॅनिएल गल्हार्दो यांनी तिकडे या काठ्या विकायला सुरुवात केली. तेव्हापासून चक्रीवाल्या महागड्या काठ्या बाजूला ठेवून बरेच लोक ही ‘नवी’ पद्धत शिकू लागले. डोंगरातल्या गरिबाची काठी अशी जगभर हिंडली. इटलीत सेसिया नदीच्या खोऱ्यातही घोड्याच्या केसांचा दोरा लावून बिनचक्रीने मासे धरण्याची जुनी रीत आहेच.

सामान तीनच चिजांचे: काठी, दोर, गळ. काठी पूर्वी बांबूची असे. आता कार्बनच्या धाग्याची, एकात एक सरकणारी मिळते. उघडली की ११ ते १५ फूट, मिटली की दोन फुटांच्या आत. वजन साधारण शंभर ग्रॅम. चक्री नाही, दोर काठीच्या शेंड्यालाच बांधायचा. त्याची लांबी काठीएवढी, थोडी कमीजास्त. पूर्वी तो घोड्याच्या शेपटीचे केस वळून करीत. मुळाशी केस जास्त, टोकाकडे एकेक कमी करत नेलेले. आपला आसूड मुठीकडे जाड आणि शेवटी बारीक असतो ना, अगदी तसा. दोराच्या टोकाला दोन हात बारीक तंगूस आणि त्याला गळ. तंगूस मुद्दाम काठीपेक्षा कमी ताकदीचा घ्यायचा, म्हणजे ताण पडला तर तो तुटतो, काठी मोडत नाही.

पिसाचा गळ घरी बांधता येतो. गळाच्या दांडीवर शिवणाचा दोरा घट्ट गुंडाळायचा आणि कोंबड्याच्या मानेचे एक मऊ पीस दोन-तीन वेढे देऊन बसवायचे. नेहमीच्या इंग्रजी पद्धतीत पिसाचे केस गळाच्या वाकाकडे झुकलेले असतात. जपानी गळात बहुधा ते पुढे, दोर बांधतो त्या बाजूला झुकवतात. त्यामुळे दोर हलकेच ओढला की केस मिटतात, सोडला की छत्रीसारखे उघडतात. पाण्यात काहीतरी जिवंत धडपडते आहे असे माशाला वाटते. तो नेमका कोणता किडा, हा प्रश्नच नाही. इशिगाकी तर वर्षभर एकाच धर्तीचा गळ वापरण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. डबाभर रंगीबेरंगी गळ बाळगणाऱ्यांना हे पटत नाही, पण मला यात मोठे शहाणपण दिसते. गळ बदलत बसण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात दोन खड्डे जास्त पाहून होतात.

खरे शिकायचे ते फेकणे. पिसाला वजन नसते. त्याला दोर वाहून नेतो. काठी हलक्या मुठीत धरा, तर्जनी काठीवर सरळ ठेवा. कोपर अंगाजवळ असू द्या. घड्याळाच्या हिशेबाने काठी बाराच्या काट्यापर्यंत झटक्यात उभी करा आणि थांबा. मागे दोर सरळ होऊ द्या. मग पुढे आणून दहावर पुन्हा थांबा. जोर लागत नाही, थांबणे लागते. नवशिका इथेच चुकतो: गोफण फिरवल्यासारखा हात फिरवतो आणि दोर पायाशी पडतो. आधी अंगणात, गळ न बांधता, जमिनीवर सूप ठेवून त्यात दोराचे टोक पाडण्याचा सराव करावा. मात्र विजेच्या तारांखाली किंवा ढग गडगडत असताना कार्बनची काठी उघडू नका; तिच्यातून वीज वाहते.

पाण्यावर आधी गळ टेकला पाहिजे, आणि शेंड्याकडचा दोर हवेतच राहिला पाहिजे. लांब काठीचा फायदा हाच. दोर पाण्याला लागला की धार त्याला ओढते, गळ वेडावाकडा पळतो आणि मासा ओळखतो. गळ धारेबरोबर सुटा वाहू द्या. काही मिळाले नाही, तर शेंडा बोटभर हलवून गळाला दोन-तीन हिसके द्या.

मासा कुठे असेल, हे पाणी सांगते. ट्राउट धारेकडे तोंड करून उभा राहतो, पण धारेशी झगडत बसत नाही. मोठ्या दगडाच्या पाठीमागची संथ जागा, वेगाचे आणि संथ पाणी मिळते ती रेघ, काठाच्या झाडाखालचा पोकळ भाग, अशा ठिकाणी तो थांबतो. अन्न धारेतून येते, आडोसा दगड देतो. त्याचे तोंड वरच्या अंगाला, म्हणून आपण खालून वर जायचे. अंग वाकवून, सावली पाण्यावर न पाडता. एका जागी चार-पाच वेळा टाका आणि पुढे चला. मासा गळ तोंडात घेतो आणि खोटा कळताच थुंकतो, त्यामुळे दोर जरा अडखळला तरी मनगट उचलायचे.

मासा लागल्यावर चक्री नाही म्हणून घाबरू नका. काठी उंच ठेवा, तिची लवचीकता माशाला दमवते. मग काठी मागे नेऊन दोर हातात धरायचा. सोडून द्यायचा असेल तर हात आधी ओले करा; कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा पुढे रोगाला बळी पडतो. गळाच्या टोकाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकला असेल तर सोडवणे सोपे जाते. खायचा असेल तर जपानी घरांत इवाना मीठ चोळून, बांबूच्या काडीवर नागमोडी टोचून चुलीतल्या निखाऱ्यांभोवती उभा करतात आणि सावकाश भाजतात.

आपल्याकडे ट्राउट परका. स्कॉटलंडहून आणलेली अंडी १९०० साली काश्मीरमध्ये जगली. कुलू खोऱ्यात १९०९ पासून तो आला. निलगिरीत आणि मुन्नारलाही त्याला आणले. पाणी २० अंशांच्या वर तापू लागले की तो बेजार होतो. सह्याद्रीतले ओढे एप्रिलमध्ये एक तर आटतात, नाहीतर कोमट होतात. तेव्हा इकडे ट्राउट सोडण्याचा विचार कुणाच्या डोक्यात आला तर तो काढून टाकलेला बरा. काठी मात्र इथेही चालते. पाण्यावर पडलेला किडा टिपायला उसळी घेणारे छोटे मासे आपल्या ओढ्यांतही आहेत, ते पिसावर येतात. खडसाच्या वाटेला जाऊ नका. मोठा खडस ही काठी मोडेल, आणि महाड तालुक्यातल्या वाळण कोंडीतला तर देवीचा मासा आहे.

हिमाचलला जाणारे आपले लोक आता पुष्कळ आहेत. तिथे तीर्थन, बरोटजवळची उहल आणि सांगल्याची बास्पा या नद्यांत ट्राउट आहे. तीर्थनच्या खोऱ्यात पाहुण्यांना घरी ठेवून चार पैसे मिळवणारी कितीतरी कुटुंबे आहेत. या शतकाच्या सुरुवातीला त्या नदीवर वीजप्रकल्प येऊ घातले तेव्हा गावकरी विरोधात उभे राहिले आणि नदी मोकळी राहिली. मासे धरायला मत्स्य विभागाचा परवाना लागतो. १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउटची बंदी असते, कारण तो अंडी घालण्याचा काळ. दिवाळीच्या सुट्टीचा बेत करीत असाल, तर आधी ही तारीख पाहा.