कडुनिंबाखाली पाऊस किती पडतो?

मोरगाव-सुप्याचा जिरायती पट्टा पर्जन्यछायेत येतो. वर्षाकाठी पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा. इथे मिलिमीटर मिलिमीटर मोलाचा, म्हणून पर्जन्यमापकातला पाऊस आणि झाडाखालच्या मातीला पोचलेला पाऊस यांतला फरक शेतकऱ्याने जाणून घ्यायलाच हवा.

सर आली की पाणी आधी पानांवर आणि डहाळ्यांवर अडते. पाने ओथंबली की मग ते खाली ठिबकू लागते, थोडे फांद्यांवरून खोडाला ओघळते. जे वरच राहते त्याची तिथूनच वाफ होते. झाडाच्या पानोळ्यात साधारण अर्धा ते दोन मिलिमीटर पाऊस मावतो. 10 मीटर व्यासाच्या पसाऱ्याचा कडुनिंब साधारण 78 चौरस मीटर जमीन झाकतो. त्यावर एक मिलिमीटरची सर म्हणजे 78 लिटर पाणी. ते सगळे वरच्या वर उडून जाऊ शकते.

पाऊस कसा पडतो, यावर बरेच ठरते. कडुनिंब चैत्रात नवी पालवी घेतो, त्यामुळे मे महिन्यातल्या वळवाला तो भरगच्च असतो. पण वळीव कोसळतोच इतका, की पानोळा काही मिनिटांत भरतो आणि पुढचे पाणी सरळ खाली येते. खरी घट आषाढ-श्रावणातल्या भुरभुरीत होते. सर, ऊन, वारा, पुन्हा सर. दर उघडिपीत पाने सुकतात आणि पुढची सर पुन्हा पहिल्यापासून अडते. सप्टेंबरमधला दमदार पाऊस मात्र फारसा अडत नाही, आणि रब्बीची ज्वारी त्याच ओलीवर उभी राहते.

झाडाझाडांतही फरक आहे. गणपतीला प्रिय मंदार, म्हणजे पांढरी रुई, जवळून पाहा: पानावरच्या मेणचट थरामुळे थेंब गोळीसारखा घरंगळतो. बाभळीची भेगाळ साल उलट आधी स्वतः भिजते. खोडावरून ओघळ उशिरा सुरू होतो.

पण पाऊस अडवते म्हणून झाड तोट्याचे ठरत नाही. त्याच्या सावलीत मातीची ओल टिकते आणि मुळांच्या वाटांनी पाणी मुरते. मात्र पानांवरून निथळणारे थेंब पावसाच्या थेंबांहून मोठे असतात, आणि उंचावरून पडले की उघडी माती उखणतात. तिथे पाचोळाच मातीचे रक्षण करतो. झाडाखालचा पाला झाडून जाळणे हे माझ्या मते अडलेल्या पावसापेक्षा कितीतरी मोठे नुकसान आहे. पण झाड उपयोगी असले तरी ते सगळीकडे हवे असे नाही: याच पट्ट्यातल्या, चिंकारांसाठी 1997 मध्ये राखलेल्या मयूरेश्वर अभयारण्याच्या गवताळ माळावर झाडांची दाटी करण्याच्या कल्पनेला माझा विरोध आहे. त्या माळाचे आणि चिंकारांचे जगणे गवतावर आहे.

या पावसाळ्यात एकसारखे डबे घ्या, काही उघड्यावर आणि काही कडुनिंबाखाली वेगवेगळ्या अंतरांवर ठेवा. दर सरीनंतर पट्टीने मोजून वहीत लिहा, आणि झाडाखालचा पाला तिथेच राहू द्या.