मांजरा खोरे (लातूर–नांदेड)

मांजरा खोरे हा महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील लातूर जिल्ह्याचा मोठा भाग आणि नांदेड जिल्ह्याचा दक्षिण भाग व्यापणारा नदीखोऱ्याचा प्रदेश होय. गोदावरीची प्रमुख उपनदी असलेली मांजरा नदी व तिच्या तेरणा, तावरजा, घरणी, लेंडी, मन्याड इत्यादी उपनद्यांच्या काठी लेणी, चालुक्यकालीन मंदिरे, भुईकोट किल्ले, जुने तलाव, औषधी वनस्पतींची बेटे आणि यात्रास्थळे आहेत. प्रदेश अवर्षणप्रवण असल्याने येथील बहुतेक वारसास्थळांचा पाणी साठविण्याच्या व्यवस्थेशी निकटचा संबंध आढळतो.

भूगोल

मांजरा नदी बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या डोंगररांगेत उगम पावते. नदीची एकूण लांबी सुमारे ७२४ किमी आहे. बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवरून ती लातूर जिल्ह्यात येते, निलंगा तालुका ओलांडून कर्नाटकातील बीदर जिल्ह्यात व पुढे तेलंगणात जाते. तेलंगणात सिंगूर आणि निजामसागर हे जलाशय तिच्यावर आहेत. त्यानंतर नदी उत्तरेकडे वळते व महाराष्ट्र–तेलंगण सीमेवरून देगलूर, बिलोली आणि धर्माबाद या तालुक्यांच्या कडेने वाहत कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. या वळणामुळे लातूरमधून दक्षिण-पूर्वेस बाहेर पडलेली नदी नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर पुन्हा भेटते.

खोऱ्यातील नदीकाठच्या जमिनी काळ्या व खोल आहेत. बालाघाटाच्या पठारावर माळरान आढळते, तर औसा, निलंगा, उदगीर परिसरात काही ठिकाणी बेसाल्टवर जांभा खडकाचे थर आहेत. नद्या पावसाळी असून उन्हाळ्यात त्यांचे पात्र बहुतांश कोरडे पडते.

इतिहास

लातूरचे प्राचीन नाव लत्तलूर असे होते. राष्ट्रकूट राजे स्वतःस ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणजे लत्तलूर या श्रेष्ठ नगराचे अधिपती म्हणवीत. मन्याड नदीकाठचे कंधार हेही राष्ट्रकूटकाळातील महत्त्वाचे नगर होते. त्यानंतर कल्याणीचे चालुक्य आणि देवगिरीचे यादव यांची सत्ता या प्रदेशावर होती. बहमनी राज्याची राजधानी बीदरला गेल्यावर औसा, उदगीर व कंधार या किल्ल्यांचे महत्त्व वाढले. १६३६ मध्ये औसा व उदगीर हे किल्ले मुघलांकडे गेले. अठराव्या शतकात हा प्रदेश हैदराबादच्या निजामाच्या अमलाखाली आला.

३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरच्या लढाईत सदाशिवरावभाऊ यांच्या नेतृत्वाखालील मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. इब्राहिमखान गारदी याचा तोफखाना या मोहिमेत मराठ्यांच्या बाजूने होता. यानंतर वर्षभराच्या आत, १४ जानेवारी १७६१ रोजी, हेच दोघे पानिपतच्या रणांगणावर होते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामाची सत्ता संपुष्टात आली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्या वेळी उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातून वेगळे करण्यात आले. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा स्वतंत्र झाला. या पार्श्वभूमीमुळे सीमेलगतच्या गावांत मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू आजही ऐकू येतात.

वारसास्थळे

खरोसा लेणी : औसा तालुक्यातील खरोसा येथील टेकडीत सहाव्या ते आठव्या शतकादरम्यानची लेणी आहेत. वेरूळ व अजिंठा येथील लेणी कठीण बेसाल्टमध्ये कोरलेली आहेत. खरोसा येथे मात्र जांभा खडक वापरला आहे. हा खडक कोरण्यास सोपा असला तरी सच्छिद्र असल्याने पावसापाण्याने लवकर झिजतो. त्यामुळे रामायण–महाभारतातील प्रसंगांचे व शैव–वैष्णव मूर्तींचे अनेक तपशील पुसट झाले आहेत. तिरप्या उन्हात, म्हणजे सकाळी किंवा दुपार कलल्यावर, उठाव अधिक स्पष्ट दिसतो.

निलंगा व होट्टल : निलंगा येथील नीलकंठेश्वर मंदिर हे तीन गर्भगृहांचे, म्हणजे त्रिकूट पद्धतीचे मंदिर आहे. देगलूर तालुक्यातील होट्टल येथे कल्याणी चालुक्यांच्या काळातील मंदिरसमूह असून त्यात सिद्धेश्वर मंदिर प्रमुख आहे. बाह्य भिंतींवरील सुरसुंदरींची शिल्पे आणि गावात सापडलेले शिलालेख यांमुळे अभ्यासकांच्या दृष्टीने हे स्थान महत्त्वाचे ठरते. येथे होट्टल महोत्सव भरविला जातो.

औसा व उदगीरचे किल्ले : औसा येथील बहमनीकालीन किल्ला उंचावर नसून खोलगट जागी आहे. दुहेरी तटबंदी व खंदक हे त्याचे संरक्षण होते. किल्ल्यातील ‘जलमहाल’ ही वास्तू विशेष उल्लेखनीय आहे : या भूमिगत दालनाचे छत म्हणजेच वरील मोठ्या पाण्याच्या टाक्याचा तळ होय. उन्हाळ्यात दालन थंड राहावे, अशी ही रचना आहे. उदगीरचा किल्ला दरीच्या कडेवर असून उरलेल्या बाजूंना खोल खंदक आहे. उदागिरबाबा या सत्पुरुषावरून गावाला नाव मिळाल्याची परंपरा असून त्यांचे स्थान किल्ल्यालगतच आहे. एप्रिल २०२२ मध्ये उदगीर येथे ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते.

कंधार : मन्याड नदीजवळील कंधारचा भुईकोट किल्ला रुंद खंदकाने वेढलेला आहे. गावाजवळील ‘जगत्तुंग समुद्र’ हा तलाव राष्ट्रकूटकाळातील मानला जातो. ‘जगत्तुंग’ हे राष्ट्रकूट राजांचे बिरुद होते. येथे क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे अवशेष सापडले आहेत. हाजी सय्याह सरवर मखदूम यांचा दर्गाही कंधार येथे आहे.

लातूर शहर : सिद्धेश्वर मंदिर आणि सुरतशाहवली दर्गा ही शहरातील जुनी श्रद्धास्थाने होत. गंजगोलाई ही वर्तुळाकार बाजारपेठ १९१७ मध्ये उभारण्यात आली. तिच्या मध्यभागी जगदंबेचे मंदिर असून तेथून सोळा रस्ते निघतात. पूर्वापार या रस्त्यांवर एकेका व्यवसायाची बाजारपेठ वसली.

निसर्ग व पशुधन

चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथ बेट ही टेकडी दुर्मीळ औषधी वनस्पतींसाठी ओळखली जाते. उदगीर तालुक्यातील देवर्जनजवळील हत्तीबेट येथे कोरीव गुहा आणि गंगाराम महाराजांची समाधी आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामाशीही या स्थानाचा संबंध आहे. येथे ‘बेट’ या शब्दाचा अर्थ पाण्याने वेढलेली भूमी असा नसून सपाट मुलखात उठून दिसणारी एकटी टेकडी असा आहे.

देवणी आणि लाल कंधारी या गोवंशाच्या दोन मान्यताप्राप्त जाती याच प्रदेशातील असून त्यांची नावे अनुक्रमे लातूर जिल्ह्यातील देवणी आणि नांदेड जिल्ह्यातील कंधार या गावांवरून पडली आहेत. देवणी दूध व शेतकाम या दोहोंसाठी, तर लाल कंधारी मुख्यतः ओढकामासाठी पाळली जाते.

यात्रा, शेती आणि खाद्यपदार्थ

लोहा तालुक्यातील माळेगाव येथे मार्गशीर्ष महिन्यात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट आणि बैल यांचा बाजार, पशुप्रदर्शन, कुस्त्या व लावणी महोत्सव ही तिची वैशिष्ट्ये आहेत. भटक्या समाजांच्या जातपंचायती येथे भरत असल्याने सामाजिक इतिहासाच्या दृष्टीनेही तिला महत्त्व आहे.

ज्वारी, तूर, हरभरा व सोयाबीन ही मुख्य पिके होत. लातूरची बाजारपेठ तूरडाळ आणि सोयाबीन यांसाठी, तर धर्माबादची मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. लातूर जिल्ह्यातील पानचिंचोलीची पटडी चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्तीची कोथिंबीर यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सकाळच्या न्याहारीला मिळणारा ‘निलंगा राईस’ हा मसालेदार भात जिल्ह्याबाहेरही परिचित झाला आहे.

औसा परिसरात द्राक्षबागा आहेत. मात्र त्या प्रामुख्याने खाण्याच्या द्राक्षांच्या आहेत. राज्याच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरणानंतर गोदावरीच्या उगमाकडील नाशिक परिसरात वाइननिर्मिती आणि तिच्याशी निगडित पर्यटन वाढले. गोदावरीच्याच या उपखोऱ्यात तसे पर्यटन रुजलेले नाही. तेलंगणाच्या सीमेलगत शिंदीच्या झाडापासून मिळणारी नीरा व शिंदी ही पेये परिचयाची आहेत.

भूकंप

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे औसा तालुक्यातील किल्लारी परिसरात सुमारे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो लोक मृत्युमुखी पडले. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाची घरे कोसळल्याने रात्री झोपेत असलेल्यांची जीवितहानी अधिक झाली. बावन्न गावांचे पूर्णतः नव्या जागी पुनर्वसन करण्यात आले. तेरणेच्या खोऱ्यातून जाताना सरळ रस्त्यांची पुनर्वसित गावे आणि जुन्या गावठाणांचे अवशेष आजही दिसतात. किल्लारी येथे स्मृतिस्तंभ आहे.

पाणीप्रश्न

लातूर शहराचा पाणीपुरवठा प्रामुख्याने बीड जिल्ह्यातील धनेगाव येथील मांजरा धरणावर अवलंबून आहे. सलग अपुऱ्या पावसामुळे २०१६ मध्ये हे धरण कोरडे पडले. पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी व तंटे होऊ नयेत म्हणून मार्च २०१६ मध्ये जमावबंदी लागू करावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. पुढे ‘जलदूत’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या गाडीने एका खेपेत सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी आणण्यात आले. गोदावरी खोऱ्यातील शहराची तहान अशा रीतीने कृष्णा खोऱ्यातील पाण्याने काही महिने भागविली गेली.

नदीपात्रात पाणी अडविण्यासाठी लातूर जिल्ह्यात साई, नागझरी यांसह अनेक ठिकाणी बंधारे बांधण्यात आले आहेत. दुसरीकडे, अधिक पाणी लागणाऱ्या उसाच्या क्षेत्राविषयी आणि भूजलाच्या उपशाविषयी सातत्याने चर्चा होत आली आहे. टंचाईबरोबरच पूर हेही खोऱ्याचे वास्तव आहे : ऑगस्ट २०२५ मध्ये अतिवृष्टीमुळे मुखेड तालुक्यातील लेंडी नदीकाठच्या गावांत पाणी शिरून जीवितहानी झाली.

पर्यटनाच्या दृष्टीनेही पाण्याला महत्त्व आहे. जगत्तुंग समुद्र, किल्ल्यांचे खंदक आणि जलमहाल हे कमी पावसाच्या मुलखातील जलव्यवस्थेचे नमुने असून त्यांतील गाळ, झुडपे व पडझड यांमुळे त्यांची मूळ रचना हळूहळू झाकली जात आहे.

प्रवास

सप्टेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ भेटीस अनुकूल असतो. त्या वेळी नद्या-तलावांत पाणी असते आणि ऊन सौम्य असते. एप्रिल–मे महिन्यांत तीव्र उष्णता व पाणीटंचाई जाणवते. लातूर, लातूर रोड, उदगीर आणि नांदेड ही सोयीची रेल्वे स्थानके होत. विमानतळ नांदेड येथे आहे. लातूरहून औसा, खरोसा व निलंगा ही ठिकाणे एका दिवसात पाहता येतात. उदगीर, हत्तीबेट, देगलूर आणि होट्टल यांसाठी दुसरा दिवस लागतो. लातूर–नांदेड मार्गावर अहमदपूरनंतर माळेगाव व लोहा लागते आणि लोह्याहून कंधारला जाता येते.

नांदेड शहर मांजरा खोऱ्याबाहेर, गोदावरीच्या काठी आहे; तरीही अनेक प्रवासी सहलीचा आरंभ वा शेवट तेथेच करतात. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये नांदेड येथे निधन झाले. त्या स्थानावर महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ दरम्यान उभारलेला तख्त सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वारा हा शिखांच्या पाच तख्तांपैकी एक आहे.