रीलमधलं ‘अस्टिल्बी’ सोलापुरात का जगत नाही? त्याच्या जागी काय लावाल?

गुलाबी, पांढऱ्या, लाल रंगाचे पिसांसारखे तुरे आणि खाली नेच्यासारखी पानं. बागकामाच्या रील्समध्ये हे झाड सध्या वारंवार दिसतं. नाव अस्टिल्बी. त्याचं बी आणि मुळं ऑनलाइन मिळतात, त्यामुळे ‘आपल्या गच्चीवर येईल का?’ हा प्रश्न पडणं साहजिक आहे. सोलापूरपुरतं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पैसे भरण्याआधी त्याचं कारण समजून घ्या.

अडचण उन्हाची की थंडीची?

दोन्हींची. चीन, जपान आणि हिमालयातल्या ओलसर, सावलीच्या जागा हे या झाडाचं घर. सिक्कीम-दार्जिलिंगच्या डोंगरात त्याची एक रानटी जात आढळते. नेपाळी भाषेत तिला ‘बुढो औखती’ म्हणतात आणि तिची मुळं औषधात वापरतात.

हे झाड हिवाळ्यात जमिनीवरून नाहीसं होतं आणि मुळाशी झोपून राहतं. पुढचा बहर या झोपेवर अवलंबून असतो. कुंडीत ते वेळेआधी फुलवणारे व्यावसायिक उत्पादक त्याचे ठोंब 10 ते 12 आठवडे 2 ते 5 अंशांत ठेवतात. आपल्याकडे गड्डा यात्रेच्या दिवसांतही पारा 10 अंशांखाली क्वचितच जातो.

मग फ्रिजमध्ये ठेवलं तर?

एखाद्या वेळी कोंब फुटतीलही. पण पुढे एप्रिल-मे असतो. पानं पाणी बाहेर टाकून स्वतःला थंड ठेवतात, कूलरसारखीच. अस्टिल्बीच्या मुळांना त्यासाठी सतत ओल लागते. 42 अंशांत कुंडी तापली आणि नळाचं पाणी काही दिवसांआड आलं, की हा कूलर कोरडा पडतो. पानांच्या कडा आधी करपतात, मग झाड बसतं.

बियांच्या पाकिटाचं गणित तर आणखी कच्चं आहे. बी धुळीइतकं बारीक असतं आणि संकरित जातींच्या बियांतून मूळ रंग येईलच असं नाही. म्हणून थंड देशांतले माळीही दर तीन-चार वर्षांनी ठोंब खणून, प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे ठेवून विभागणी करतात. आणि जाहिरातीत गडद निळं अस्टिल्बी दिसलं तर तिथेच थांबा. या झाडाला निळी फुलं येत नाहीत.

तसाच तुरा हवा असेल तर?

तुऱ्याचा कोंबडा लावा. खरिपाच्या पिकात तण म्हणून उगवणारा आणि कोवळेपणी ज्याची भाजी होते तो कुरडू याचाच रानटी भाऊबंद. त्यामुळे ऊन त्याला नवीन नाही. उलट सावलीत तो लांबट आणि फिका होतो.

पाऊस सुरू झाला की जून-जुलैमध्ये बी पेरा. बारीक, काळं, चमकदार बी मातीवर भुरभुरवून वर अगदी पातळ थर द्या. साधारण 8-10 दिवसांत उगवतं. मुळं हललेली त्याला आवडत नाहीत, म्हणून थेट कुंडीत किंवा कागदी कपात पेरलेलं बरं. नुसती काळी माती वापरू नका. पावसात ती पाणी धरून ठेवते आणि खोड कुजतं. निम्मी माती, बाकी वाळू आणि शेणखत असं मिश्रण ठेवा. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, म्हणजे एकाऐवजी चार-पाच तुरे येतील. दसऱ्याच्या आसपास रंग भरतो.

ठोंब फोडून झाडं वाढवण्याचीच हौस असेल तर कर्दळ आहे. जूनमध्ये कंद खणा, दोन डोळ्यांचे तुकडे करा आणि मोरीचं पाणी जिथे जातं तिथे लावा. सांडपाणी शुद्ध करण्यासाठी मुद्दाम तयार केलेल्या पाणथळ वाफ्यांतही कर्दळ लावतात.

कोंबड्याचं बी मात्र दुसऱ्यांदा विकत घ्यावं लागत नाही. तुरा खालून वाळायला लागला की कागदावर झटका. शेजारी दुसऱ्या रंगाचं झाड असेल तर पुढच्या वर्षी रंगांची सरमिसळ होऊ शकते. एकच रंग हवा असेल तर कुंड्या लांब ठेवा.