फितीवरचे दप्तर

पावसाळ्यात सांगलीत पहिली चौकशी होते ती आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीची. चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये ती पातळी ५७ फुटांच्या वर गेली. हरभट रोड, मारुती चौक, गणपती पेठ या भागांतली तळमजल्यावरची दुकाने आणि कार्यालये कित्येक दिवस पाण्यात राहिली. सांगली नगर वाचनालयाची पुस्तके भिजून गेली, त्याची हळहळ खूप झाली आणि ती रास्तच होती. त्याच पाण्यात संगणकही गेले. पण भिजलेले पुस्तक डोळ्यांना दिसते. संगणकातली खतावणी गेली तर बाहेरून नुसता चिखल माखलेला डबा दिसतो.

या दोन्ही जिल्ह्यांतल्या लहान संस्थांचे संगणक मी बरीच वर्षे सांभाळले आहेत. दहा-वीस संगणक तारेने एकमेकांना जोडलेले असतात, तिथे त्यांच्यातल्या माहितीची प्रत चुंबकीय फितीवर कशी घेतात आणि ती प्रत नेमकी कुठे ठेवावी, एवढाच या लेखाचा विषय आहे. फीत म्हटले की वाचकांना गाण्यांची कॅसेट आठवेल आणि ही वस्तू केव्हाच मोडीत निघाली असे वाटेल. तसे झालेले नाही.

जर्मनीत फ्रिट्झ फ्लोयमर यांनी १९२८ मध्ये कागदाच्या पट्टीवर लोहकणांची भुकटी चिकटवून ध्वनिमुद्रणाची फीत केली. १९५१-५२ पर्यंत युनिव्हॅक आणि आयबीएम या संगणकांना फीत जोडली गेली होती. युनिक्स प्रणालीत प्रती बांधण्यासाठी आजही वापरली जाणारी ‘टार’ ही आज्ञा म्हणजे ‘टेप आर्काइव्ह’ या शब्दांचे लघुरूप. आपल्याकडे रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांच्या शाखांत यंत्रे येऊ लागली आणि त्यांच्यामागोमाग काडेपेटीपेक्षा थोड्या मोठ्या आकाराच्या ‘डॅट’ कॅसेटी आल्या. दिवसाचा हिशेब मिटला की कॅसेट काढायची, तारीख लिहायची, लोखंडी कपाटात ठेवायची.

आजची फीत ‘एलटीओ’ नावाची. २००० साली तिची पहिली पिढी आली तेव्हा एका कॅसेटीत १०० गिगाबाइट मावत. २०२१ च्या नवव्या पिढीत १८ टेराबाइट मावतात. तळहाताएवढ्या डबीत अर्धा इंच रुंदीची, किलोमीटरभराहून थोडी जास्त लांब फीत गुंडाळलेली असते. तिच्यावर ८,९६० समांतर रेषा असतात. बैल जसे तासाच्या टोकाला वळून पुढचे तास धरतात, तशी ही फीत एका टोकापर्यंत लिहीत जाते आणि उलट दिशेने लिहीत परत येते. हवे ते पान एकदम उघडण्याची सोय तिच्यात नाही. एखादी फाइल मध्यभागी असेल तर तिथवर फीत पळवावीच लागते, त्यात मिनिटभर जाते. म्हणून रोजच्या कामाला ती निरुपयोगी आणि जपून ठेवायला उत्तम.

आता जाळ्याकडे वळू. प्रत्येक संगणकाला स्वतंत्र फीतयंत्र देणे कोणालाच परवडत नाही. एका मुख्य संगणकाला यंत्र जोडायचे आणि बाकीच्यांनी रात्री आपापला मजकूर तारेवरून त्याच्याकडे पाठवायचा, ही रीत. पण इथे एक मजेशीर अडचण आहे: तार हळू आहे आणि फीत वेगवान! जुन्या शंभर मेगाबिटच्या जाळ्यातून सेकंदाला फार तर १२ मेगाबाइट वाहतात. पाचव्या पिढीचे एलटीओ यंत्र सेकंदाला १४० मेगाबाइट लिहू शकते. यंत्र आपला वेग काही प्रमाणात कमी करते, पण त्याखाली मजकूर आला की फीत थांबते, थोडी मागे जाते, पुन्हा धाव घेते आणि पुन्हा थांबते. चांभार पॉलिश करताना कापड जसे पुढेमागे ओढतो तशी तिची गत होते. फीतही झिजते आणि यंत्रही.

यावर उपाय म्हणजे मधे एक हौद बांधणे. सगळ्या संगणकांचा मजकूर आधी मुख्य संगणकाच्या मोठ्या डिस्कवर साठवायचा आणि पुरेसा साठला की तिथून एका दमात फितीवर सोडायचा. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात तयार झालेली ‘अमांडा’ ही फुकट मिळणारी प्रणाली नेमके हेच करते. लहान संस्थांसाठी तिच्याइतकी शहाणी व्यवस्था मी दुसरी पाहिली नाही. तिचे खरे कौशल्य वेळापत्रकात आहे. हिशेब करून पाहा: सेकंदाला १२ मेगाबाइटने एक टेराबाइट वाहून न्यायला तेवीस तास लागतात. रात्र तेवढी मोठी नसते. म्हणून रोज सगळ्यांची पूर्ण प्रत घेत नाहीत. आज तीन संगणकांची पूर्ण प्रत घ्यायची, बाकीच्यांचा फक्त त्यांच्या मागच्या पूर्ण प्रतीनंतर बदललेला मजकूर. उद्या दुसऱ्या तिघांची पाळी. अमांडा ही वाटणी स्वतःच करते आणि सकाळी अहवाल पाठवते. तो अहवाल वाचणारा माणूस मात्र संस्थेला नेमावा लागतो.

चालू खतावणीची फाइल तशीच उचलूनही चालत नाही. पहिले पान उतरवेपर्यंत शेवटच्या पानावर नवी नोंद पडलेली असते आणि प्रत कुठल्याच क्षणाची खरी राहत नाही. त्यासाठी आधी डेटाबेसकडून एका क्षणाची बांधीव नक्कल काढून घ्यायची आणि ती फितीवर पाठवायची. भारनियमनाच्या दिवसांत ही कामे रात्री अर्ध्यावर तुटत, बॅटऱ्या दम टाकत आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

फिती फिरवण्याची पद्धत ‘आजा-बाप-नातू’ या नावाने ओळखली जाते. सोमवार ते गुरुवारच्या चार फिती नातू, पुढच्या आठवड्यात त्यांच्यावरच पुन्हा लिहायचे. शुक्रवारची बाप, ती महिनाभर राहते. महिनाअखेरची आजा, ती वर्षभर किंवा त्याहून जास्त. चूक त्याच दिवशी लक्षात येतेच असे नाही, म्हणून आजा लागतो. मार्चमध्ये कोणी खाते चुकून पुसले आणि ते लेखापरीक्षणात जूनमध्ये कळले, तर नातवांना त्याची काहीच आठवण नसते.

एका पतसंस्थेत मी पाहिलेले सांगतो. वर्षभराच्या फिती कपाटात ओळीने लावलेल्या, प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात तारीख. प्रसंग आला तेव्हा कळले की आठ महिन्यांपूर्वी कुणीतरी पासवर्ड बदलला होता आणि तेव्हापासून रोज कोरीच फीत आत-बाहेर होत होती. चिठ्ठ्या मात्र नियमाने लागत होत्या. फितीवरून एखादी फाइल परत काढून पाहण्याचे काम महिन्यातून एकदा तरी झाले पाहिजे, आणि तेही शक्यतो दुसऱ्या यंत्रावर.

फीत ठेवायची कुठे, हा प्रश्न आपल्या भूगोलाचा आहे. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, वाई आणि संगम माहुलीवरून कराडला येते, तिथे कोयनेला घेते आणि मग सांगलीला पोचते. पाणी साताऱ्याकडून सांगलीकडे येते, म्हणून फीत सांगलीहून साताऱ्याला जावी. उलट साताऱ्याची भीती वेगळी. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप पाटण तालुक्यातला. सुमारे १८० माणसे गेली आणि कोयनानगर उद्ध्वस्त झाले. त्या संकटात सांगलीचे कपाट सुरक्षित. दोन गावांत सुमारे सव्वाशे किलोमीटरचे अंतर, दोघांची संकटे निरनिराळी. दोन्हीकडे शाखा असलेल्या संस्थेला यासाठी फक्त एक खोकी आणि आठवड्यातून एकदा जाणारा विश्वासू माणूस लागतो. सांगलीत वरच्या मजल्यावर फीत ठेवली की झाले, असे काहींना वाटते. फीत कोरडी राहील हे खरे, पण वीज नाही, रस्ता नाही, अशा इमारतीत ती अडकून पडेल.

पाऊस शत्रू आहेच, नुसती दमट हवाही आहे. दीर्घकाळ साठवणीसाठी १६ ते २५ अंश तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितलेली असते. साताऱ्याच्या जुलैत बंद कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, तिथे हे सांभाळायला वातानुकूलित खोली लागते. गार खोलीतून काढलेली फीत लगेच यंत्रात घालू नये. दिवसभर तिला खोलीच्या हवेची सवय होऊ द्यावी.

‘क्लाउड असताना हे कशाला?’ असे तरुण मुले विचारतात. क्लाउड जरूर वापरावा. पण जाळ्याला जोडलेली प्रत जाळ्यातूनच बिघडू शकते. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या विषाणूने मेर्स्क कंपनीची यंत्रणा जगभर बंद पाडली, आपल्या न्हावाशेवाच्या बंदरातले तिचे टर्मिनलही ठप्प झाले. कंपनीच्या जाळ्याची मूळ नोंदवही ठेवणाऱ्या संगणकांपैकी घानामधला एकच वाचला, कारण त्या वेळी तिथली वीज गेलेली होती! जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज या कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, तेव्हा देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांची देयक-सेवा एनपीसीआयला खबरदारी म्हणून तोडावी लागली. त्यांत सहकारी आणि ग्रामीण बँका होत्या. कपाटात ठेवलेली फीत कुठल्याच तारेला जोडलेली नसते. घानाच्या संगणकाला जे नशिबाने मिळाले ते तिला रोज मिळते.

एवढे करूनही फीत पुढे वाचता आली पाहिजे. बँकांच्या दप्तरजतनाचे १९८५ चे नियम काही नोंदी पाच आणि काही आठ वर्षे राखायला सांगतात. सातव्या पिढीपर्यंतची एलटीओ यंत्रे मागच्या दोन पिढ्यांच्या फिती वाचत, आठव्या आणि नवव्या पिढीची मागच्या एकाच पिढीच्या. त्यामुळे फितीबरोबर यंत्र जपावे लागते किंवा काही वर्षांनी मजकूर नव्या फितीवर उतरवावा लागतो. दप्तरखान्यात जीर्ण कागदाची तालीक काढत, तसेच हे काम.

आणि मराठीची एक खास अडचण. युनिकोड रुळण्यापूर्वी आपण देवनागरी लिहिली ती सी-डॅकच्या जिस्ट आणि आयएसएमवर, श्रीलिपीवर, आकृतीवर. इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये आले तरी फाँटप्रमाणे अक्षरांचे आकडे वेगळेच राहिले. त्या काळच्या फितीवरून फाइल जशीच्या तशी निघते, रक्कम बरोबर दिसते आणि खातेदाराच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांची रांगोळी येते. जुन्या दिवाळी अंकांच्या जुळणीच्या फाइली ज्यांच्याकडे आहेत त्यांना हे ठाऊक असेल. म्हणून मी प्रत्येक आजा-फितीच्या डबीत एक कागद घालतो. त्यावर प्रणाली कोणती, तिची आवृत्ती कोणती, फाँटचे नाव, आणि फितीवरच्या पहिल्या नोंदीतले पहिले नाव, शाईने लिहिलेले.